पोळ्याचं पाणी

गाडीतून वास येतो, हे मी बाबांना इतक्यांदा सांगितलं की शेवटी सांगायचं सोडून दिलं. ओलं पोतं बंद खोलीत राहिलं की येतो तसा कुबट वास. काच खाली केली की कमी व्हायचा, वर केली की पुन्हा यायचा. बाबा म्हणायचे, संत्र्यांचा आहे. मी म्हणायची, संत्र्यांच्या बागेत लहानाची मोठी झाले, मला संत्र्याचा वास शिकवू नका. त्यावर त्यांचं ठरलेलं, की शाळेत खडू खाऊन मास्तरणीचं नाक गेलं. झालं, माझं सगळं बोलणं पालथ्या घड्यावर पाणी.

मी पांढुर्ण्याला शाळेत शिकवते. बाबांचं शेत मोहगावच्या अलीकडे, मुख्य रस्त्यापासून आत. आई गेल्यावर ते शेतातल्या घरात एकटेच राहत. कपाशीचं रान बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर दुसऱ्याला कसायला दिलेलं, संत्र्याची बाग मात्र स्वतःच्या हातात. गेल्या उन्हाळ्यात भरदुपारी बागेत पाणी सोडताना त्यांना चक्कर आली. बटईवाला बैलगाडीचा रस्ता सोडून सहज आत आला म्हणून सापडले, नाहीतर संध्याकाळपर्यंत झाडाखाली तसेच पडून राहिले असते. त्या दिवसापासून मी त्यांच्या मागे लागले, की आता माझ्याकडे चला.

मी एकुलती एक. मला भाऊ असता तर प्रश्नच नव्हता. लेकीच्या घरी राहायला जाणं आमच्याकडे अजूनही लोकांना पचत नाही. तोंडावर कोणी बोलत नाही, पण कोणाच्या तरी अंगणात बोलतंच. बाबा तितके जुन्या वळणाचे नाहीत. माझ्या नवऱ्याशी त्यांचं माझ्याहून जास्त जमतं. पण पीळ आहे, आणि सुंभ जळला तरी तो जात नाही म्हणतात ते खोटं नाही. उन्हाळाभर नाही म्हणाले, आणि पावसाळ्यात एका दुपारी, मी विषय काढलेलाही नसताना, स्वतःहूनच बोलले.

"येईन. पण माह्या गाडीनं येईन, अन् मी चालवत येईन. बुढ्याले पोरीनं उचलून आणला असं नाही झालं पाहिजे. गाडी तुह्या दारात उभी राहीन, मले वाटलं तवा मी मोहगावले जाईन, वाटलं तवा येईन. पाव्हणा म्हणून नाही येत मी."

मी हो म्हटलं. त्या क्षणी त्यांनी हत्तीवरून येतो म्हटलं असतं तरी हो म्हटलं असतं. फक्त एक अडचण होती. गाडीची पासिंगची मुदत संपत आली होती, आणि त्या अवस्थेत तिला कोणी पास केलं नसतं. वायपर एक चालायचा, एक नुसता थरथरायचा. हेडलाइट पिवळे पडलेले. आणि तो वास. मी ठरवलं, पोळा झाला की गाडी पांढुर्ण्याला आणायची, पत्र्याच्या कामाला डेंटरकडे टाकायची, सीटा नव्या करायच्या आणि बाबांना त्यातून आणायचं. मी इतकी खुश होते की त्यांच्यासाठी मागची खोली रंगवूनही घेतली.

आता या गाडीचं सांगायला हवं. लहानशी, पांढरी, चार दरवाजांची गाडी. बागेला एकदा भरभरून फळ आलं, त्या वर्षी बाबांनी नागपूरहून नवी घेतली. शोरूममधून निघाले ते थेट घरी आले नाहीत. आधी एका दुकानात थांबले आणि कंपनीच्या करड्या गालिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत जाड काळं रेक्झिन चिकटवून घेतलं. शेतातले चिखलाचे पाय गालिच्याला लागू नयेत म्हणून. त्यानंतर तो गालिचा आमच्यापैकी कोणाच्याही नजरेला पडला नाही. सीटांवरचं प्लास्टिक आईनं किती तरी दिवस काढू दिलं नव्हतं. उन्हाळ्यात मांडीची कातडी त्याला चिकटून निघायची, तरी नाही. दोघांनी ती गाडी तळहाताच्या फोडासारखी जपली.

त्याच सुमारास बैलजोडी विकली होती. नांगरटीला भाड्याचा ट्रॅक्टर यायला लागला होता, आणि बैलांकडे बघायला माणूस मिळत नव्हता. पण पहिला पोळा आला तेव्हा गोठा रिकामा, आणि आई सकाळपासून तोंड पाडून बसलेली. आमच्या भागात पोळा म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. दिवाळी एखादी हुकली तर चालेल. शेवटी आईच म्हणाली, की घरात धुवाले काही नसन तं पोया कायचा, अन् बैल नाही तं नाही, वजन तं आता हेच ओढून राहिली. तिनं अंगणातल्या गाडीकडे हात केला. बाबा हसले. पण उठले.

त्या वर्षापासून आमच्या घरी गाडीचा पोळा सुरू झाला. आदल्या दिवशी बैलांची खांदमळणी करतात, तशी बाबा गाडीची करत. बॉनेटच्या दोन्ही अंगांना पळसाच्या पानानं तूप आणि हळद लावत, आणि बैलांना म्हणतात तेच म्हणत, आज आवतण घ्या, उद्या जेवायले या. दुसऱ्या दिवशी धुणं. बैल नदीत नेऊन घासून धुवायचा असतो, अर्धवट धुतलेला बैल बाबांना आयुष्यात कधी चालला नाही. त्यामुळे गाडीही बाहेरून धुतली आणि झालं, असं नसायचं. चारी दारं उघडून आत बादल्या मारायच्या. रेक्झिन होतंच, पाणी काळ्या तळावरून सरकन दारातून बाहेर पडायचं. मग झूल, मग आईचं ताट, आरतीनंतर बॉनेटवर पुरणपोळी. शेजारपाजारचे पोट धरून हसायचे. मी सासरी आल्यावर हा किस्सा इथं रंगवून सांगायची आणि सगळ्यांना हसवायची.

पुढे आई आजारी पडली. नागपूरला उपचार सुरू झाले. सौसरवरून, सावनेरवरून जायचं आणि त्याच रस्त्यानं परत यायचं. बाबा चालवत, आई मागे डाव्या बाजूला. पुढे बसली की तिला समोरून येणाऱ्या ट्रकांची भीती वाटायची. मी शाळेला सुट्टी टाकून कधी सौसरला चढायची, कधी नाही जमायचं. औषधं अशी होती की परतीच्या रस्त्यात तिला उलट्या व्हायच्या. पिशवी धरायचो, पण दर वेळी सावरता यायचं नाही. रामाकोन्याचं तिचं माहेर, तिथल्या बायका भेटायला यायच्या तेव्हा ती गाडीत बसून आली हे सांगायचीच नाही. म्हणायची, बसनं आली. त्या गाडीला आपण घाण केली याची तिला इतकी लाज वाटायची.

घरी पोचलं की बाबा आधी तिला आत नेऊन झोपवायचे. मग अंगणात यायचे, चारी दारं उघडायचे आणि बादल्या मारायचे. कितीही दमलेले असोत. मी एकदा म्हटलं, उद्या करा. त्यांनी खराटा घेतला.

आई गेली. गाडीचा पोळा थांबेल असं मला वाटलं होतं, पण तो वाढला. आता बाबा बोअरचा पाइपच लावायचे. सीटखाली, कोपऱ्यात, जिथं आईचे पाय असायचे तिथं जास्त. या वर्षीही मी पोळ्याला तिथं होते. पाइपातून पाणी सुटलेलं, बाबा वाकलेले, झूल बाजूला खाटेवर ठेवलेली. मी पुरणाचं बघत होते आणि मनात म्हणत होते, की पुढच्या वर्षी हे सगळं माझ्या दारात होईल, माझ्या गल्लीतले लोक हसतील, हसू देत.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार, नदीच्या दोन काठांवरच्या लोकांनी एकमेकांवर दगड मारायची जत्रा. गोटे उडाले, डोकी फुटली, टाके पडले, गाव पुन्हा कामाला लागलं, तेव्हा डेंटरनं दुकान उघडलं. आमच्या शाळेच्या मागच्या रस्त्याला त्याचं गॅरेज आहे. त्याची मुलगी माझ्याकडे शिकून गेली, म्हणून मला मॅडम म्हणतो आणि बाकीच्यांपेक्षा जरा लवकर हात लावतो. बाबांनी स्वतः गाडी चालवत आणून दिली, चहा घेतला आणि बसनं परत गेले. म्हणाले, चांगली करून ठेव म्हणा त्याले, झाली की घेऊन जातो, मंग पुढच्या खेपेले सामान घेऊनच येतो.

रविवारी मी गॅरेजवर गेले तेव्हा सीटा बाहेर काढून भिंतीला लावल्या होत्या. मागच्या सीटखाली आईची एक पिन सापडली, साडीची, साधी. मी ती पर्समध्ये टाकली आणि नीट बघायला वाकले. आतून ती गाडी एवढी लहान असेल असं वाटलं नव्हतं. आम्ही तिघं आणि संत्र्यांच्या पेट्या त्यात कसे मावायचो कोणास ठाऊक. डेंटरनं रेक्झिनची कड स्क्रू काढायच्या पेचकसानं उचलली आणि दोन्ही हातांनी ओढली. ते बरीच वर्षं चिकटलेलं, ओरडत निघालं.

खाली गालिचा नव्हता. गालिच्याच्या जागी काळा, सडका लगदा होता, आणि तो अजून ओला होता. पोळ्याचं पाणी. इतके दिवस उन्हात उभी राहूनही ते गेलं नव्हतं, कारण जायला वाट नव्हती. कडेनं, सीटांच्या बोल्टांपाशी, जिथं रेक्झिन सुटलं होतं तिथून प्रत्येक वेळी थोडं आत उतरत गेलं असणार आणि वरून झाकण घट्ट बसलेलं. डेंटर तो लगदा फावड्यानं खरवडून बादलीत टाकत गेला. खालचा पत्रा तांबडा दिसू लागला, मग तपकिरी, मग त्याचे पापुद्रे निघू लागले. मागच्या डाव्या कोपऱ्यात त्यानं पेचकस नुसता टेकवला आणि तो खाली गेला. त्यानं बाजूचा तुकडा हातानं मोडला. भोकातून गॅरेजची जमीन दिसली, तेलाचा डाग आणि एक सिगरेटचं थोटूक.

तो म्हणाला, "मॅडम, आत पाय नका ठेवू." मग खाली सरकून, बॅटरी लावून बघून आला. नंतर सांगितलं ते असं, की नुसता तळ असता तर नवा पत्रा टाकला असता. पण दारांखालची पट्टी गेली, जिच्यावर सगळा भार असतो. वेल्डिंग धरायला बाजूला चांगला पत्रा लागतो, तो उरला नाही. सडक्या लुगड्याला ठिगळ लावलं तर ठिगळाच्या कडेनं फाटतं. पास तर होणार नाहीच, आणि झाली तरी तो स्वतः कोणाला त्यात बसू देणार नाही. मग त्यानं विचारलं, की गाडी पुरात उभी होती का.

मी तिथल्या स्टुलावर बसले. मला गाडीचं वाईट वाटलं नाही, खरं सांगते. पत्र्याचं काय वाईट वाटायचं. मला दिसत होते पाइप धरून वाकलेले बाबा. ज्या माणसानं आयुष्यात एक गोष्ट निष्काळजीपणे केली नाही, त्याच्याच हातानं हे झालं होतं, आणि ते त्याला सांगायचं होतं. डेंटरनं पाणी आणून दिलं.

मी त्याला म्हटलं, माझ्या वडलांना यातलं काही सांगायचं नाही. समोरच्या काचेच्या रबरातून पावसाचं पाणी उतरत गेलं, गाडी जुनी होती, सगळ्याच जुन्या गाड्यांचं असं होतं, एवढंच सांगायचं. तो हो म्हणाला. मी घरी येऊन बाबांना फोन केला आणि हेच सांगितलं. वर म्हटलं, गाडीचं काय एवढं, दुसरी जुनी बघू एखादी, तुमच्या नावावर घेऊ. ते ऐकून घेत होते. शेवटी फक्त विचारलं, की तू रडली का. मी म्हटलं, सर्दी आहे.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत डेंटरचा फोन आला, की काकाजी इथं येऊन बसले. मी शाळेतून तशीच पळत गेले.

बाबा गाडीच्या आत होते. सीटा नव्हत्याच, ते दाराच्या चौकटीवर बसून आत वाकले होते. शर्टाची बाही वर केलेली. डेंटर बाजूला उभा राहून मी पढवलेलं सगळं नीट सांगत होता, रबराचं, पावसाचं. बाबांनी पुढच्या तळावर मुठीनं ठोकलं. टण् आवाज आला. मग मागे ठोकलं. तिथं आवाज आला नाही, भुसा तेवढा पडला.

"समोरून पानी आलं तं समोर सडते," ते म्हणाले. "पानी चढ नाही चढत. हे तिची जागा सडली."

डेंटर माझ्याकडे बघू लागला. मी म्हटलं, बाबा, गाडी जुनी होती. ते त्या कोपऱ्यातल्या भोकात हात घालून कडा चाचपत राहिले. बोटांना तांबडं लागलं. मग हळूहळू बोलायला लागले, माझ्याशी नाही, डेंटरशीही नाही.

"दुसऱ्या खेपेले बसताना तिले वास नाही आला पाहिजे, म्हणून धुत होतो. तिले लई लाज वाटे. मी म्हणो, काही नाही झालं, पाह्य, कोरडं हाय. अन् हे खालून असं होऊन राहिलं होतं. तिचे पाय याच्यावरच असत."

मी म्हटलं, "बाबा, तेव्हा एवढं नसेल झालेलं. हे नंतरचं आहे."

"माहीत नाही नं कधीचं," ते म्हणाले. "तेच तं."

तुम्ही चांगल्या मनानं केलं, असं म्हणता आलं असतं. ते त्यांना माहीत होतं, आणि त्यानं काहीच बदलत नव्हतं. मी त्यांच्या शेजारी चौकटीवर टेकायला गेले तर त्यांनी हात आडवा धरला, की साडीला जंग लागन. आणि तिथंच, सगळ्यांसमोर, मला हुंदका आला. आई गेली त्या दिवशी माणसांच्या राबत्यात मी रडले नव्हते, ते त्या गॅरेजमध्ये निघालं. बाबा रडले नाहीत. ते उठले, नळावर गेले, हात धुतले, आणि डेंटरला सांगितलं की गाडी भंगारात दे, सीट कोणाच्या कामी येईन तं वाळवून दे. डेंटर म्हणाला, काकाजी, विचार करून सांगा. ते म्हणाले, केला.

मी खूप विनवलं, पण त्या दिवशी ते थांबले नाहीत. मी स्टँडवर गेले, सौसरच्या बसमध्ये त्यांना जागा करून दिली. खिडकीतून एवढंच म्हणाले, की शाळा बुडवत जाऊ नको.

पुढचे दिवस माझा राग सगळ्यांवर निघाला. नवऱ्यावर, पोरांवर, वहीला कव्हर नसलेल्या विद्यार्थ्यांवर. मला वाटत होतं, आता हा माणूस कधीच येणार नाही. ज्या गाडीनं यायचं होतं ती गाडीच गेली, आणि तीही अशी. मी मनाशी भाषणं तयार करत होते. दसऱ्याच्या सुट्टीत जायचं आणि पाय धरायचे, असं ठरवलं होतं.

त्याआधीच एका सकाळी दाराशी रिक्षा थांबली. बाबा उतरले. एक बॅग, एक पिशवी. बाग बटईवाल्यालाच दिली म्हणाले, घराची किल्ली त्याच्याकडेच आहे. फोन का नाही केला म्हटलं तर म्हणाले, तू आणाले आली असती मंग, शाळा असते. मला किती आनंद व्हायला हवा होता. उन्हाळ्यापासून ज्यासाठी भांडत होते ते झालं होतं. एकही अट न घालता ते आले होते.

माझ्या लग्नापासून बाबा या घरात आले की दारातूनच माझ्या नावानं हाक मारत सरळ स्वयंपाकघरापर्यंत यायचे. संत्र्यांची पिशवी ओट्यावर ठेवायचे, माठावरचं झाकण स्वतः काढायचे, आणि फरशीवर उमटलेल्या मातीच्या पायांवरून माझी बोलणी खायचे. त्या दिवशी बॅग हातात घेऊन ते उंबऱ्याच्या बाहेर उभे राहिले.

"बाई," त्यांनी विचारलं, "चपला कुठं काढू?"

मी म्हटलं, कुठंही काढा बाबा, तुमचंच घर आहे. त्यांनी मान हलवली, आणि बाहेर पायरीच्या कडेला, येणारे-जाणारे काढतात तिथं, नीट जोडून ठेवल्या. अजून तिथंच ठेवतात.